भाकरीतलं लोखंड

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठामार्फत महाराष्ट्राच्या शेतात आलेल्या 'धनशक्ती' या बाजरीचं आजोळ पश्चिम आफ्रिकेत, टोगो नावाच्या चिंचोळ्या देशात आहे. टोगोच्या उत्तर भागातले शेतकरी लवकर निसवणारी, टपोऱ्या दाण्याची एक गावरान बाजरी पिढ्यानपिढ्या पेरत आले. तिचं बियाणं हैदराबादजवळ पाटणचेरूला, इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत आलं. तिथल्या पैदासकारांनी त्यातली मोजकी कुळं निवडून ती आपसांत फुलू दिली आणि 'आयसीटीपी ८२०३' हे वाण तयार केलं. नावातल्या 'टीपी'मध्ये टोगो दडलेला आहे. १९८८ साली महाराष्ट्रात आणि आंध्र प्रदेशात त्याची शिफारस झाली. आपल्या जिरायत शेतकऱ्याने ते उचललं, कारण पाऊस दगा देण्याच्या आत ते हाताशी येतं, दाणा भरदार असतो आणि गोसावी रोगाला ते सहजासहजी बळी पडत नाही.

गोसावी म्हणजे काय, हे ज्यांनी सत्तरच्या दशकात बाजरी पेरली त्यांना विचारावं. १९६५ साली एचबी-१ हे पहिलं संकरित वाण आलं, उत्पन्न वाढलं आणि पाठोपाठ या रोगाने शेतंच्या शेतं बसवली. कणसात दाण्याऐवजी हिरव्या पाल्याचा झुपका, गोसाव्याच्या जटांसारखा. त्या आठवणीमुळे पुढची वीस-पंचवीस वर्षं बाजरीच्या पैदासकारांचं सगळं लक्ष रोग आणि उतारा या दोनच गोष्टींवर राहिलं. दाण्याच्या आत काय आहे, हे कोणी विचारलं नाही.

ते विचारलं गेलं २००३-०४च्या सुमारास. 'हार्वेस्टप्लस' या जागतिक कार्यक्रमाने गरिबांच्या रोजच्या धान्यातच लोह, जस्त आणि जीवनसत्त्व 'अ' वाढवायचं ठरवलं. भारतात लोहासाठी बाजरी निवडली. इक्रिसॅटने आपल्या साठ्यातली वाणं तपासायला घेतली, तेव्हा वरच्या क्रमांकांवर टोगोच्या गोतावळ्यातली बाजरी होती. पंधरा वर्षं महाराष्ट्रात खाल्ल्या जाणाऱ्या ८२०३मध्ये लोह भरपूर होतं आणि ते पेरणाऱ्याला, दळणाऱ्याला, खाणाऱ्याला कोणालाच ठाऊक नव्हतं.

बाजरी परपरागीकरणाची. एका वाणाच्या शेतातही दोन झाडं अगदी सारखी नसतात. हा फरक पैदासकाराच्या कामाचा. ८२०३च्याच पिकातून जास्त लोहाची कुळं वेचून, ती पुन्हा एकत्र फुलवून सुधारित वाण केलं गेलं. किलोमागे ७१ मिलिग्रॅम लोह, ४० मिलिग्रॅम जस्त. मूळ वाणापेक्षा लोह ९ टक्के जास्त, धान्याचा उतारा ११ टक्के जास्त. २०१२मध्ये ते महाराष्ट्रासाठी आणि २०१४मध्ये देशासाठी 'धनशक्ती' या नावाने प्रसारित झालं. राहुरी विद्यापीठाचं बाजरीचं मुख्य काम चालतं धुळ्याच्या संशोधन केंद्रात. तिथूनच पुढे 'फुले महाशक्ती' हे संकरित वाण आलं. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या यादीत त्याचं लोह ८७ आणि जस्त ४१ मिलिग्रॅम नोंदलेलं आहे.

जैवतंत्रज्ञान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जनुक बदललेली वांगी आणि आंदोलनं उभी राहतात. धनशक्तीत तसं काही नाही. परक्या सजीवाचं जनुक त्यात घातलेलं नाही. निवड आणि फुलोरा, एवढंच. अर्थात बाजरीच्या प्रयोगशाळा काही जुन्या काळात थांबलेल्या नाहीत. हरियाणात २००५ साली आलेलं 'एचएचबी ६७ इम्प्रूव्हड' हे वाण जनुकीय खुणा वाचून गोसावी रोगाविरुद्ध मजबूत केलेलं होतं आणि २०१७ साली बाजरीचा संपूर्ण जनुकसंच 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त छापून आला. पण लोहाच्या बाबतीत खरा कायापालट केला तो जनुकांनी नव्हे, मोजण्याच्या यंत्राने.

पूर्वी दाण्यातलं लोह मोजायचं तर दाणा आम्लात विरघळवून महागड्या उपकरणातून काढावा लागे. हजारो कुळांची अशी तपासणी कोणाला परवडणार? मग क्ष-किरणांवर चालणारं, टेबलावर मावणारं यंत्र आलं. दाण्यांवर क्ष-किरण सोडले की त्यातला लोहाचा अणू स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत फेकतो. त्यांची तीव्रता मोजली की काही मिनिटांत लोहाचा आकडा मिळतो. दाणा शाबूत राहतो, तो परत पेरता येतो. पैदासकाराला यापेक्षा काय हवं? मात्र यात एक मेख आहे. खळ्यावरच्या धुळीत लोह असतं, मळणी यंत्राच्या पोलादातही असतं. धूळ बसलेला नमुना यंत्राला भलताच सकस दिसतो. म्हणून संशयास्पद नमुन्याचं ॲल्युमिनियमही तपासतात. झाड ॲल्युमिनियम दाण्यात फारसं साठवत नाही. ते जास्त निघालं तर समजायचं की आपण धान्याबरोबर माती मोजतोय.

मोजण्याचा हाच घोळ दुसऱ्या टोकाला, माणसाच्या रक्तातही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. पाच वर्षांखालच्या मुलांत तो ५३.८वरून ६८.९वर गेला. भयंकर वाढ. पण ही पाहणी बोट टोचून निघालेल्या थेंबावर केलेली. २०१६-१८च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण पाहणीत शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासलं गेलं, तेव्हा देशातल्या १ ते ४ वयाच्या मुलांत रक्तक्षयाचं प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपास निघालं; त्याच सुमाराच्या कुटुंब पाहणीत ते ५८ टक्क्यांच्या वर होतं. मुलं याच देशातली, पण थेंब वेगळा आणि यंत्र वेगळं.

आरोग्य उपकेंद्रातल्या ताईंनी हिमोग्लोबिन मोजायला अनेक वर्षं वापरलं ते साहलीचं उपकरण. हर्मान साहली या स्विस डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते रूढ केलं. वीस मायक्रोलिटर रक्त, त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, रंग तपकिरी झाला की थेंब थेंब पाणी घालत बाजूच्या काचेशी जुळवायचा. उजेड कमी असला, घाई असली, तर 'एचबी', म्हणजे हिमोग्लोबिन, साडेआठचं साडेनऊ व्हायला वेळ लागत नाही. 'ॲनिमिया मुक्त भारत' मोहिमेत २०१८पासून डिजिटल मापकांवर भर आला. सुई न टोचता हिमोग्लोबिन सांगणारं यंत्र करण्याची धडपडही महाराष्ट्रात झाली. मिश्किन इंगवले आणि त्यांच्या डॉक्टर-इंजिनिअर मित्रांच्या 'बायोसेन्स' कंपनीचं 'टचएचबी' २०१२च्या सुमारास जगभर गाजलं. व्यासपीठावरच्या टाळ्या आणि गावातली अंगणवाडी यांत मात्र अंतर असतं. अंगणवाडीत आजही बोटच टोचतात.

आता मुद्द्याची गोष्ट. दाण्यात लोह आहे, हे क्ष-किरणांनी सांगितलं. ते रक्तात उतरतं का? बाजरीत लोहाबरोबर फायटिक आम्लही असतं. ते लोहाला धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. बाजरीची भाकरी खाऊनही बाईच्या अंगात रक्त का नाही, याचं एक उत्तर इथे आहे. त्यामुळे लोह वाढवून काही उपयोग होईल का, अशी शंका शास्त्रज्ञांनाही होती.

तिचं पहिलं चांगलं उत्तर आपल्या सीमाभागातून आलं. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातले संशोधक यांनी दोन वर्षांच्या आसपासच्या, लोहाची कमतरता असलेल्या ४० मुलांना बाजरीचे पदार्थ दिले. काहींना साधी, काहींना लोहयुक्त. लोहाच्या आणि जस्ताच्या निरुपद्रवी समस्थानिकांच्या खुणेने नेमकं किती शोषलं गेलं ते मोजलं. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. साध्या बाजरीतून दिवसाला ०.२३ मिलिग्रॅम लोह रक्तात गेलं, लोहयुक्त बाजरीतून ०.६७. त्या वयाची गरज भागून वर उरेल एवढं. फायटिक आम्ल होतंच. पण लोहच जास्त असल्यामुळे वाट्याला येणारा हिस्साही मोठा झाला.

दुसरा प्रयोग ग्रामीण महाराष्ट्रात, शाळेतल्या पोरांवर झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाचा गट आणि मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या डॉ. शोभा उदिपी, डॉ. पद्मिनी घुगरे यांनी १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना सहा महिने भाकरी खाऊ घातली. एका गटाच्या भाकरीत किलोमागे ८६ मिलिग्रॅम लोहाचं आयसीटीपी ८२०३चं लोहयुक्त रूप, दुसऱ्याच्या भाकरीत २१ ते ५२ मिलिग्रॅमची नेहमीची बाजरी. सुरुवातीला ४१ टक्के मुलांत लोहाचा साठा कमी होता, २८ टक्के रक्तक्षयी होती. चार महिन्यांतच लोहयुक्त गटातला साठा ठळकपणे वाढला. ज्यांच्यात आधी कमतरता होती त्यांच्यापैकी या गटातल्या मुलांची ती भरून निघण्याची शक्यता सहा महिन्यांनी ६४ टक्के जास्त होती. यातल्याच १४० मुलांच्या चाचण्यांत पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली: लक्ष देण्याचा आणि प्रतिसादाचा वेग सुधारला होता. वर्गात मागच्या बाकावर पेंगणारं पोर आळशी नसून त्याच्या रक्तात लोह नाही, हे कळायला इतकी वर्षं लागली.

याच संशोधकांच्या वर्तुळाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही प्रयोग केला आणि तिथला निकाल असा साजरा करण्यासारखा नाही. १२ ते १८ महिन्यांच्या २२३ बाळांना नऊ महिने बाजरीचा पूरक आहार दिला. २०२२ साली छापून आलेल्या निष्कर्षानुसार सगळ्या बाळांची सरासरी पाहता लोहाच्या साठ्यात किंवा वाढीत लक्षणीय फरक पडला नाही. मुलग्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये मात्र सुधारणा दिसली. दीड वर्षाचं बाळ खातं किती, आजारी पडतं किती वेळा, यावर बरंच अवलंबून असणार. हा निकाल जाहिरातपत्रकांत येत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगितला.

घरचा हिशेब करून पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवं. तिने दिवसभरात दोनशे ग्रॅम धनशक्तीच्या पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या तर १४ मिलिग्रॅम मिळतं, म्हणजे साधारण निम्मं. नेहमीच्या बाजरीतून नऊ-दहा. फरक चार-पाच मिलिग्रॅमचा. गोळीत साठ मिलिग्रॅम असतं. म्हणजे ही भाकरी औषध नव्हे. गरोदर आणि रक्त फारच कमी असलेल्या बाईला गोळीच हवी. पण गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं, गोळ्या फळीवर राहतात. भाकरी फळीवर राहत नाही.

भाकरीबरोबर काय खाल्लं, यावरही लोहाचं नशीब ठरतं. भाकरीवर लिंबू पिळलेला कांदा किंवा कैरी असेल तर शोषण सुधारतं. जेवणाच्या आगेमागे लगेच चहा घेतला तर घटतं. आणि आपल्याकडे शेतातून आलेली बाई हात धुऊन आधी चहाच टाकते. पीठ आंबवलं की फायटिक आम्ल कमी होतं, या दृष्टीने उन्हाळ्यातलं आंबील शहाणपणाचं. लोखंडी तव्याचं कौतुक जरा जास्तच होतं; कोरड्या भाकरीत तव्याचं लोह फारसं उतरत नाही, लोखंडी कढईत आंबट कालवण शिजवलं तर उतरतं. बाजरीला आणखी एक खोड आहे. तिच्यात पाच टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, दळलं की पीठ काही दिवसांत कडू होतं. म्हणून गव्हाच्या आट्यासारखं बाजरीचं पीठ पिशवीबंद होऊन सहज विकलं जात नाही. भोगीला तीळ लावून आणि चंपाषष्ठीला भरिताबरोबर ती ताटात येते; शहरात वर्षातून तेवढीच.

आता सरकारच्या दुसऱ्या वाटेकडे पाहा. १५ ऑगस्ट २०२१ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केलं की सरकारी योजनांतला सगळा तांदूळ २०२४पर्यंत पोषणयुक्त होईल. कारखान्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले कृत्रिम दाणे करून ते शंभरास एक या प्रमाणात तांदळात मिसळायचे, अशी ही योजना. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकानुसार अशा तांदळात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असावं लागतं. हा आकडा नीट वाचावा. नगर जिल्ह्यातल्या पारनेर-पाथर्डीच्या माळावरची बिनसुधारित बाजरी कारखान्यात न जाता तेवढं लोह घेऊनच येते. शोषणाचं गणित दोन्हीकडे वेगळं आहे, तुलना सरळ नाही, हे मान्य. तरी तांदूळ पॉलिश करून त्याचा कोंडा काढायचा, मग त्यात लोह परत घालायचं आणि बाजरी पिकवणाऱ्याच्याच घरी तो पोचवायचा, याला काय म्हणावं? २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्याला एक रुपया किलोचा दर लिहिलेला होता. रेशनच्या पिशवीत मात्र मुख्यतः गहू आणि तांदूळच आले.

राहुरीचा नगर जिल्हा, २०२४पासून कागदोपत्री अहिल्यानगर, लोहयुक्त बाजरीसाठी मुळात योग्य जागा. उत्तरेला मुळा-प्रवरेच्या पाण्यावरचा ऊस. दक्षिणेला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाचं, खरिपात बाजरी आणि रब्बीत ज्वारीचं रान. त्या रानातही आता कांदा, सोयाबीन, कपाशी आणि डाळिंब शिरलंय, कारण बाजरीला भाव नाही. इथेच राहुरीच्या संशोधनाची गाडी अडते. लोह डोळ्यांना दिसत नाही. धनशक्तीचं पोतं आणि शेजारच्या साध्या बाजरीचं पोतं मार्केट यार्डात एकाच ढिगात जातं. आडत्या दाण्याचा रंग, टपोरेपणा आणि ओल पाहतो. जास्त लोहाला जास्त पैसे नाहीत, तर शेतकऱ्याने ते वाण का शोधत बसावं? त्यात धनशक्ती हे संकरित नाही. संकरित वाण उताऱ्यात पुढे, आणि बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागत असल्याने कंपन्यांनाही त्यातच रस. पाचोऱ्याच्या निर्मल सीड्सने धनशक्तीचं बियाणं बाजारात आणलं हे खरं. पण घरचं बी धरता येणाऱ्या वाणावर कोणतीही कंपनी किती खर्च करेल, याला मर्यादा असते.

२०१८मध्ये अखिल भारतीय बाजरी प्रकल्पाने नियमच केला की नव्या वाणात किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त हवंच. वाणाच्या शिफारशीलाच पोषणाची अट घातली गेली, हे पाऊल मोठं आहे. माझ्या मते आकडा मात्र भित्रा आहे. नेहमीच्या संकरित बाजरीत तेवढं लोह जवळपास असतंच, आणि हार्वेस्टप्लसचं आपलं लक्ष्य ७७ होतं. ४२ची अट घसरण थांबवेल; रक्त वाढवणार नाही.

राहुरीहून तासाभराच्या आत लोणी येतं. विठ्ठलराव विखे पाटलांच्या सहकारी कारखान्याच्या परिसरात १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं, आज ते प्रवरा वैद्यकीय अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. एकाच जिल्ह्यात, एकीकडे दाण्यातलं लोह जाणणारं विद्यापीठ आणि दुसरीकडे रोज बाळंतिणींचं हिमोग्लोबिन मोजणारं. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०पासून अल्पशिक्षित गावकरी बायकांना आरोग्याची कामं शिकवून दाखवलं की गावाची नोंद गावातली बाई उत्तम ठेवते. बी राहुरीचं, रक्ततपासणी लोणीची आणि वही जामखेडच्या पद्धतीची, असा दोन-तीन वर्षांचा प्रयोग ऊसतोडीला जाणाऱ्या पाथर्डी-शेवगावच्या कुटुंबांत करता येईल. कोयता घेऊन निघताना ही कुटुंबं बाजरी बरोबर बांधतातच. बाजार समितीत लोह मोजणारं एक क्ष-किरण यंत्र ठेवलं आणि अंगणवाडीच्या खरेदीत ६० मिलिग्रॅमच्या वरच्या धान्याला वेगळा दर लावला, तर आडत्यालाही लोह 'दिसू' लागेल. कॉर्नेलने भाकरी रक्तात उतरते हे दाखवलं. ती पोत्यातून, आडतीतून, चुलीवरून जाऊनही उतरते का, हा प्रश्न इथल्या माणसांनी सोडवायचा आहे.

तोवर ज्याला पेरायची त्याने स्वतःच पेरावी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं घरात जपून २०२०ची पद्मश्री मिळवली; त्यांच्याइतकं नाही तरी धनशक्तीचं बी घरी धरता येतं. बाजरीचे स्त्रीकेसर आधी बाहेर पडतात, पराग मागून येतात, त्यामुळे शेजारच्या शेतातला पराग वाऱ्याने आधी येऊन बसतो. प्रमाणित बियाण्यासाठी चारी बाजूंनी दोनशे मीटर अंतरात दुसरी बाजरी नसावी लागते. एवढं मोकळं रान नसेल तर प्लॉटच्या मधोमधची कणसं वेगळी काढावीत, बांधालगतच्या ओळी खाण्यासाठी ठेवाव्यात, आणि दर तीन-चार वर्षांनी विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्रातून नवं बी आणावं.